दोन्या सुलो

सुलोचना रामटेके यांना इंग्लंड आवडत नसे. आता लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहून इंग्लंड न आवडणं यात विशेष काही नाही. आमच्या रस्त्यावर ते कुणालाच फारसं आवडत नाही. पण बाकीचे लोक हवेला आणि कौन्सिल टॅक्सला नावं ठेवून थांबतात. ताई थांबत नसत. त्या इथल्या गाजरांना नावं ठेवत, पडद्यांना ठेवत, इथल्या कुत्र्यांना ठेवत. ("मालक बोलत नाही म्हणून तेही भुंकत नाही. दोघंही सॉरी म्हणून राहिले.") राणी गेली तेव्हा सगळा देश रांग लावून उभा होता, आणि ताई टीव्हीसमोर बसून रांगेतल्या लोकांच्या चपलांना नावं ठेवत होत्या.

आमची ओळख कचऱ्याच्या बिनांवरून झाली. आम्ही त्यांच्या शेजारचं घर घेतलं त्याच आठवड्यात मी चुकीच्या बिनमध्ये चुकीचा कचरा टाकत होते. कुंपणापलीकडून आवाज आला, "पुण्याची का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"कचरा चुकीच्या बिनमध्ये टाकून राहिली, आणि तोंड असं की चूक बिनची आहे."

मी वर पाहिलं. बुटकी, सावळी, पांढरेशुभ्र केस मानेवर कापलेले, अंगात इस्त्रीचा कुडता आणि हातात बागेतली कात्री. मी "काकू" म्हणाले तर कात्री थांबली. "काकू तुझ्या तिकडच्या. मला ताई म्हणायचं." त्या दिवसापासून त्या माझ्या ताई झाल्या आणि मी त्यांची पुणेकरीण.

ताई नागपूरच्या. तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या, पुढे मिडवाइफ झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत बाळंतपणं करत राहिल्या. त्यामुळे निम्मं स्लाऊ त्यांच्या हातून जगात आलं होतं, आणि त्या निम्म्याबद्दलही त्यांचं मत चांगलं नव्हतं. सुपरमार्केटमध्ये एखादा मॅनेजर टाय लावून मिरवताना दिसला की त्या माझ्या कानाशी येऊन म्हणत, "या हातांनी काढला याला. डोकं बाहेर आलं तेव्हाच समजलं होतं." रामटेकेसाहेब रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. मी राहायला येण्याआधीच ते वारले. शेवटची काही वर्षं त्यांना ऐकू येत नव्हतं. ताईंच्या मते ते ढोंग होतं.

घर मात्र आरशासारखं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, समोर ताजी फुलं, कुठे धुळीचा कण नाही. रविवारी सकाळी त्या वंदना म्हणत, तेव्हा त्यांचा आवाज इतका शांत आणि गोड येई की भिंतीपलीकडे मला वाटे, दुसरंच कुणी म्हणतंय. वंदना संपली की पाचच मिनिटांत त्याच भिंतीतून ऐकू येई, "प्रज्ञा, हा भात आहे की वॉलपेपरची खळ?"

प्रज्ञा त्यांची मुलगी. चाळिशी ओलांडलेली, इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये घरांच्या विभागात नोकरीला. लग्न मोडल्यावर ती "तात्पुरती" आईकडे आली आणि राहिली. तिचं मराठी म्हणजे आईचं नागपुरी मराठी, पण त्यातली लिंगं वाऱ्यावर सोडलेली. तो चहा, ती टेबल, तो आई. ताई दर वेळी दुरुस्त करत, आणि तेही अशा स्वरात की माणसानं ती भाषाच सोडून द्यावी. प्रज्ञानं सोडली नाही. हट्टी होती. त्या घरात हट्टाशिवाय टिकणं कठीणच होतं.

दर दुसऱ्या शनिवारी प्रज्ञा आईला कुठल्या तरी छोट्या गावी फिरायला नेई. याचं कारण तिनं मला एकदा सरळ सांगितलं. "शनिवारी घरी ठेवला की आई माझे कपाट उघडते." मग ती आठवडाभर नेटवर बसून गाव शोधे, पार्किंग शोधे, चढ किती आणि टॉयलेट कुठे ते बघे. आणि मला बरोबर नेई. मला वाटलं, शेजारधर्म. दुसऱ्याच ट्रिपला कळलं की मी ढाल होते. गाडीत तिसरं माणूस असलं की मार वाटून जातो.

या ट्रिपा मी काही वर्षं केल्या आणि इंग्लंडातली बरीचशी देखणी गावं ताईंच्या शेऱ्यांसकट पाहिली. राय नावाच्या गावात लोक ज्या दगडी चढाचे फोटो काढायला दुरून येतात, त्या चढावर उभं राहून ताई म्हणाल्या, "रस्ता करायचा राहून गेला वाटते यांचा." बोर्टनमध्ये गावाचीच एक छोटी प्रतिकृती आहे, दगडाची, गुडघ्याएवढी घरं. तिथे त्यांनी तिकीट पाहिलं, घरं पाहिली, आणि विचारलं, "गावच एवढंसं, त्याचं आणखी बारकं गाव केलं. आणि लोक पैसे देऊन पाहून राहिले. बाहेर फुकटात मोठं दिसते ना, बापा." जुन्या वस्तूंच्या दुकानात त्या कधी आत जात नसत. "यांच्या आजीचं फुटकं भांडं आपण घ्यायचं. माझ्या आजीचं भांडं कोण घेऊन राहिलं होतं?" आणि स्कोन. प्रत्येक गावी चहाच्या दुकानात बसल्यावर त्या स्कोन मागवत, मधोमध फोडत, वास घेत आणि निकाल देत, "पाव व्हायचा राहिला आणि बिस्कीट व्हायला जमलं नाही." मग अख्खा खात.

मला हसू येई, हे खोटं कशाला सांगू. मलाही ती गावं तशीच वाटत. सगळीकडे तेच साबणाचं दुकान, तीच लव्हेंडरची पुडी, आणि आपण फार जुने आहोत या गोष्टीचा तोच तुपट अभिमान. पण जाता-येता गाडीत जे चाले त्याला हसता येत नसे.

"लेन बदल. आता नको. आता कशाला बदलली?"

"आई, आय नो."

"तुला नो असतं तर नवरा राहिला असता."

प्रज्ञाच्या मानेवर लाल चट्टे उठत. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राही. मी घाईघाईनं हवेबद्दल काहीतरी बोले. मग ताई माझ्याकडे वळत आणि पुण्याच्या हवेपासून सुरुवात करत.

त्या जिभेचा दुसरा उपयोगही मी एकदा पाहिला. नवी असताना मीच हौसेनं त्यांना आमच्या भागातल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळीला घेऊन गेले होते. भाड्याचा हॉल, नऊवारीतल्या बायका, जोडीला मराठी बोलता न येणाऱ्या मुलांचा एक नाच. ताई आपण होऊन वाढायला उभ्या राहिल्या. मसालेभाताचा झारा हातात घेतला. मंडळाच्या एक बाई आल्या, गोड हसल्या. "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

"रामटेके."

"अच्छा. नागपूर साइडचे. म्हणजे..." बाई थोडं थांबल्या. मग अधिकच गोड हसून म्हणाल्या, "असं करू या ना, तुम्ही खुर्च्यांचं बघता का? वाढायला आहेत आमच्या मुली."

ताईंनी झारा खाली ठेवला. आवाज चढवला नाही, पण वॉर्डभर पोहोचायची सवय असलेला तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "बघते ना. पण खुर्च्यांवर बसाल ना तुम्ही? की मी हात लावल्यावर त्याही धुऊन घेणार?"

कुणीतरी घाईनं गाणं लावलं. ताईंनी कोट घातला आणि बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. त्या बाई नंतर कित्येक दिवस सगळ्यांना सांगत फिरल्या की रामटेकेबाईंनी उगाच विपर्यास केला, आमच्यात असलं काही नसतं हो. तो मसालेभात बेचव होता, हेही मला इथे नोंदवायचं आहे.

ताईंचा मुलगा मिलिंद मेक्सिकोत होता. पुएब्ला नावाच्या शहरात, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथेच त्यानं रोझारियोशी लग्न केलं. ती शाळेत संगीत शिकवे. लग्नाला ताई गेल्या नाहीत. "लोक जीव धोक्यात घालून त्या देशातून पळतात, आणि हा भैताड तिथे घर घेऊन राहिला." पण रोझारियोला दिवस गेले तेव्हा त्यांच्यातली मिडवाइफ जागी झाली. तिथल्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास नव्हता. इथल्यांवरही नव्हता, पण इथले निदान ओळखीचे होते. महिन्याभरासाठी म्हणून गेल्या. निघताना सूटकेसमध्ये डेटॉल, डिंकाचे लाडू आणि चेहऱ्यावर तयार ठेवलेला तिरस्कार.

परत आल्या त्या तीन महिन्यांनी. मी आणि प्रज्ञा हीथ्रोला आणायला गेलो. ताई उन्हानं काळवंडल्या होत्या, बारीक झाल्या होत्या, आणि मांडीवर ब्लँकेटात गुंडाळलेला एक मातीचा तवा होता. गाडीत बसल्या. मोटरवेवर आलो तशी पावसाची भुरभुर सुरू झाली. ताई खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "काय भिकार देश आहे. पुएब्लात या वेळी डोंगर दिसते."

त्या दिवसापासून आमच्या मागे पुएब्ला लागलं. तिथे गाव म्हणजे गाव असते. तिथे भिंत पिवळी म्हणजे पिवळी. "इथल्या भिंतीला रंग विचारला तर ती सॉरी म्हणते." तिथे मिरच्या, तीळ आणि कोको एकत्र वाटून रस्सा करतात, तो म्हणजे आमच्या सावजीची मोठी बहीण. तिथल्या बाया हातावर भाकरी थापतात, मक्याची. शेजारच्या दोन्या चेलाबरोबर बसून त्याही थापायला लागल्या होत्या. दोन्या म्हणजे तिकडे मोठ्या बाईला मानानं म्हणतात. ताईंचं पूर्ण नाव कुणाला जमेना, म्हणून त्या तिथे दोन्या सुलो झाल्या. तिथला डोंगर ज्वालामुखीचा, तो धुमसे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडे, तीही त्यांना चालली. इथे आमच्या झाडाचं पान त्यांच्या अंगणात पडलं तर चालत नसे.

तिथेही रविवारी त्यांना फिरायला नेत. चोलुलाला एक टेकडी आहे, ती टेकडी नसून पुरातन पिरॅमिड आहे आणि तिच्या डोक्यावर चर्च बांधलंय. ताई चढून वर गेल्या होत्या. "धापा टाकत गेली. वर एका माणसानं टोपी काढून बसायला जागा दिली. आडनाव नाही विचारलं." मग म्हणाल्या, "आडनावाचं तर तिथे असं आहे पुणेकरीण, आईचंही लागते. माझी नात लूना रामटेके मोरालेस. दोन्ही ऐकून कोणी असं नाही म्हटलं की, अच्छा, म्हणजे."

मला एकदा राहवलं नाही. म्हणाले, "ताई, तिथे खून पडतात म्हणे रोज."

"मग नागपुरात काय फुलं पडतात?"

यानंतरच्या ट्रिपा असह्य झाल्या. आधी गावं नुसती वाईट असत, आता ती पुएब्लापेक्षा वाईट होती. आणि सगळ्यांत वाईट, गाडी चालवणारी. रोझारियो बाळ पाठीला बांधून स्वयंपाक करते. रोझारियोची कंबर बघ. रोझारियो हसते किती. प्रज्ञा एकदा मला पार्किंगच्या मशीनपाशी म्हणाली, "तिकडे सगळा चांगला. इकडे सगळा घाण. आणि मी इकडचा." तिनं कार्ड मशीनमध्ये उलटं घातलं होतं. मी ते सरळ केलं.

मग एका उन्हाळ्यात रोझारियोच आली. मिलिंदला रजा नव्हती. ती आणि लूना, दोन आठवड्यांसाठी. उंच, मोकळी बाई, इंग्रजी छान बोलणारी. तिला सगळंच आवडलं. आमचा रस्ता आवडला, कचऱ्याच्या बिना आवडल्या, एका करड्या भिंतीचा तर तिनं फोटो काढला. प्रज्ञानं शनिवारी अरुंडेलची ट्रिप ठरवली. किल्ला, नदी, बदकं. मागे मी आणि रोझारियो, लूना मधे, ताई पुढे.

स्लाऊ सोडून गाडी मोटरवेला लागली, लेन बदलली, परत बदलली. ताई काही बोलल्या नाहीत. प्रज्ञा एक वळण चुकली. तरीही नाही. किल्ला दिसायला लागला तशी रोझारियो स्पॅनिशमध्ये ओरडली, "दोन्या सुलो, मीरा!" मीरा म्हणजे बघा. ताईंनी मान वर केली, त्या किल्ल्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "बोनितो." म्हणजे सुंदर. आरशात माझी आणि प्रज्ञाची नजर भेटली. ज्या बाईनं विंडसरच्या किल्ल्याला पाण्याची टाकी म्हटलं होतं, ती बोनितो म्हणत होती.

नदीकाठच्या दुकानात चहाला बसलो. ताईंनी लूनाला मांडीवर घेतलं आणि तिच्यासाठी स्कोन फोडून जॅम लावायला लागल्या. निकाल आला नाही. रोझारियोनं ते पाहिलं आणि प्रज्ञाचा हात धरून इंग्रजीत म्हणाली, "तू किती नशीबवान आहेस. अशा मऊ बाईच्या हाताखाली वाढलीस. माझ्या आईच्या तोंडाला आमची गल्ली घाबरते. दोन्या सुलो तीन महिने होत्या, कुणाला एक वाकडा शब्द नाही. माझी आई म्हणते, ही बाई नाही, लोणी आहे."

प्रज्ञा आधी हसली. तिला वाटलं, चेष्टा आहे.

"खरंच. बाळंतपणानंतर मी नुसती रडत असायची. घर घाण, दूध उतू गेलेलं, मी आंघोळ केलेली नाही. त्या काही म्हणायच्या नाहीत. माझ्या मागे बसायच्या आणि केस विंचरायच्या. तेल लावून. रोज."

"युअर हेअर?" प्रज्ञानं विचारलं.

"रोज," रोझारियो म्हणाली.

प्रज्ञाचा हात अजून तिच्या हातात होता. तो तिनं हळूच काढून घेतला. मग आईकडे वळली आणि मराठीत बोलली. आवाज अगदी साधा, मीठ मागावं तसा.

"आई, हा कोण आहे? रोझारियो सांगते तो आई. मला का नाही भेटला तो?"

रोझारियोला शब्द कळले नाहीत. ती तशीच हसत बघत होती. लूनाची बोटं जॅमनं माखली होती, ती ताई एकेक करून पुसत राहिल्या. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. शेवटी लूना कंटाळून मांडीवरून उतरली आणि बदकांकडे पळाली. मी तिच्यामागे गेले. जायला कारण मिळालं म्हणून मला बरंच वाटलं.

परतीच्या वाटेवर रोझारियोनं मला हळूच विचारलं, तिचं काही चुकलं का. मी सांगितलं, नाही, ताईंना गाडी लागते.

रोझारियो परत गेली आणि पलीकडचं घर गप्प झालं. भिंतीतून फक्त भांड्यांचे आवाज. पहिल्या आठवड्यात मला ते सुख वाटलं. दुसऱ्या आठवड्यात प्रज्ञा माझ्याकडे आली, कोट न काढता बसली. "ती बोलतच नाही. हो. बरं. चहा घे. काल मी भाजी जाळला, तर तिनं खाल्ला. सगळा. लाइक, डॉक्टरकडे बसलोय असा वाटते घरात."

"मग बरंच की," मी म्हणाले. माझं काय जात होतं म्हणायला.

"नाही ना बरं," ती म्हणाली.

ताई स्वतः आल्या त्यानंतर काही दिवसांनी. हातात त्यांच्याकडे राहिलेला आमचा डबा, रिकामा. असा रिकामा डबा परत आणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, कट्ट्यावरच्या पसाऱ्यावर नजर फिरवली आणि काही न बोलता खुर्ची ओढून बसल्या. मी चहा ठेवला.

"तिथे मला शब्दच नव्हते वं," त्या म्हणाल्या. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "गेली तेव्हा पोटात टोमण्यांचं दुकान भरून नेलं होतं. रोझारियोच्या आईला पाहिलं, तिच्या लाल ओठांवर दोन चांगले जमले होते. पण देऊ कसे? भाषा नाही. मिलिंदला म्हटलं, सांग तिला. तो म्हणाला, आई, हे मी नाही सांगणार. मग काय करू? हसून पाहिलं. तर ती हसली. मी हसली की लोक हसतात, हे मला म्हातारपणी समजून राहिलं, बापा."

"मग इथे का नाही हसत?"

"इथे मला समजते ना, कोण काय म्हणून राहिलं ते." त्यांनी कप फिरवला. "पहिल्यांदा वॉर्डात लागली, तर एक बाई कळा देता देता म्हणाली, ह्या काळीला सांगा हात धुऊन ये. मी हात धुऊनच उभी होती. सिस्टरनं मला म्हटलं, मनावर नको घेऊ. नाही घेतलं. तोंडावर घेतलं. मग कोणी नाही बोललं मला. तुझ्या मंडळावाल्या बाया बोलल्या, त्याही एकदाच. जीभ म्हणजे काठी आहे. रस्त्यावर कुत्री असतात, काठी लागते. पण घरी आल्यावर ती दाराशी ठेवायची असते, हे मला कोणी नाही सांगितलं. घरात कोण होतं समोर? साहेबांनी कान बंद करून घेतले. मिलिंद पळाला. मी लोकांना सांगत होती, नोकरीसाठी गेला. स्लाऊत काय नोकऱ्या नाहीत?"

चहा निवत होता.

"प्रज्ञा नाही पळाली," त्या म्हणाल्या.

"ताई, हे तिला सांगा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी ती जुनी नजर आली. "तुझं पुण्याचं शहाणपण तुझ्या डब्यात ठेव."

त्यांनी तिला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. एवढं कळलं की रोझारियोला पुन्हा दिवस गेले होते आणि मिलिंदनं आईला कायमचं बोलावलं. ताई हो म्हणाल्या. कागदपत्रांची सगळी धावपळ प्रज्ञानं केली, मेक्सिकोच्या वकिलातीत चकरा मारल्या, तिकीट काढलं. मला म्हणाली, "गुड. तिकडे ती हॅपी असते." आणि त्याच संध्याकाळी तिनं आईसाठी लोकरीचे तीन जाड स्वेटर आणले. पुएब्लात त्यांचा काय उपयोग, हे तिला कुणी विचारलं नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ताईंनी पहिल्यांदाच आपण होऊन विचारलं, "आज कुठे जायचं?" प्रज्ञानं विट्स्टेबल निवडलं. समुद्र, शिंपले, रंगीत लाकडी खोपटी. मला वाटलं, या दोघींनीच जावं. पण प्रज्ञा गाडीचं दार उघडून उभी राहिली, तेव्हा मी बसले.

तो दिवस मी विसरणार नाही, कारण इतका वाईट दिवस मी क्वचित घालवला असेल. ताई सगळ्याला छान म्हणत होत्या. ओहोटी होती, समुद्र लांब गेलेला, समोर मैलभर काळा चिखल. "छान." पाच जणांच्या रांगेत उभं राहून घेतलेले थंडगार चिप्स. "छान." एका दुकानात लाकडाच्या फळीवर 'समुद्र' असं लिहून ती फळी विकायला ठेवली होती. मी आशेनं ताईंकडे पाहिलं. ओठ हलले. "छान आहे," त्या म्हणाल्या. प्रज्ञा दर वेळी आणखी आणखी सरळ होत चालली होती, जणू कुणीतरी मागून येऊन मारणार आहे आणि येत नाहीये.

संध्याकाळी कारपार्कच्या भिंतीपाशी आलो. वारा सुटला होता. ताई म्हणाल्या, "पुणेकरीण, आमचा दोघींचा एक फोटो काढ." त्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. मी फोन वर धरला. ताईंनी लेकीकडे एकवार खालपासून वरपर्यंत पाहिलं. तोंड उघडलं. आणि मग त्यांनी स्वतःचाच तळहात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. घट्ट. डोळे माझ्याकडे.

प्रज्ञानं ते पाहिलं. मग तिनं आईचं मनगट धरलं आणि हात खाली ओढला.

"बोल."

"काही नाही बोलत आहे मी."

"बोल ना आई. असा नको. उद्यापासून मला कोण बोलणार?"

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या चिखलाकडे. मग सुरू झाल्या. आधी हळू. हे काय गाव आहे? समुद्र धुवायला दिला आहे का? आणि फळीवर समुद्र लिहून विकून राहिले, कारण तिकडे तो नाही ना. मग आवाज लागला. आणि तू, पगार मिळते ना तुला, मग हे असलं जॅकेट, समोरून उघडं, वारा पाहून राहिली का किती आहे, छाती भरली की मग कोण बघेल, मी तर नसेन, त्या कौन्सिलवाल्यांना सांगशील का काढा करून द्या म्हणून, अक्कल म्हणून काही दिलीच नाही मी तुला. बोलता बोलता त्या वाकल्या. प्रज्ञाच्या जॅकेटच्या चेनची दोन टोकं त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून जुळवली, एकदा निसटली, पुन्हा जुळवली, आणि चेन गळ्यापर्यंत वर ओढत नेली. प्रज्ञानं हनुवटी वर केली होती, कातडी चेनमध्ये सापडू नये म्हणून. डोळे मिटलेले. ताईंचं बोलणं चालूच होतं.